मुंबईच्या कालवाची शेती होईल काय?

ओहोटी पुरती लागली की वाळकेश्वरच्या पायथ्याचे, हाजी अलीच्या वाटेजवळचे आणि वरळी-प्रभादेवीच्या किनाऱ्यावरचे काळे खडक उघडे पडतात. त्यांच्या मधल्या पट्ट्यावर करड्या-पांढऱ्या, धारदार कवचांचा थर बसलेला दिसतो. अनवाणी पाय ठेवणाऱ्याचा तळवा चिरल्याशिवाय राहत नाही. हीच कालवे होत. वरळी, माहीम, कुलाबा येथील कोळी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या लोखंडी टोकदार हत्याराने त्यांची वरची झडप उडवून आतील मांस काढले आणि ते वाट्यांनी विकले. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून आलेला कामगार होता, गिरगावात खाणावळी होत्या. गावाकडची चव मागणारे गिऱ्हाईक शहरात भरपूर होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, परंतु कालवे आणि तिसऱ्या मागणारे घर त्या वस्तीतून नाहीसे झालेले नाही.

अशा वेळी एक प्रश्न सहज मनात येतो. न पेरता, न खत घालता खडकावर जो जीव वाढतो, तो आपण ठरविलेल्या जागी, ठरविलेल्या संख्येने का वाढवू नये? खाडीकाठच्या गावांतून हा प्रश्न मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो. कर्ज काढून बांबूचे मांडव उभारण्याची तयारीही काही गट दाखवितात. त्यांना उत्तर देण्यापूर्वी रानटी प्राणी शेतीस योग्य आहे किंवा नाही हे कसे तपासतात, आणि मुंबईच्या कालवाविषयी आजवर काय कळले आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

मुंबईचे नाव मिळालेला प्राणी

या कालवाचा शास्त्रीय अभ्यास मुंबईतच झाला. काळा घोडा भागातील त्या वेळच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेतील प्रा. पी. आर. आवटी आणि त्यांचे सहकारी एच. एस. राय यांनी या एकाच प्राण्यावर एक संपूर्ण पुस्तिका लिहिली. लखनौचे प्रा. के. एन. बहल यांनी संपादिलेल्या भारतीय प्राण्यांवरील पुस्तिकामालेत ती १९३१ साली निघाली. तिच्या शीर्षकातच या प्राण्यास ‘मुंबईचे कालव’ म्हटले आहे. त्या वेळचे त्याचे शास्त्रीय नाव ऑस्ट्रिया क्युक्युलाटा. आज त्यास सॅकोस्ट्रिया क्युक्युलाटा म्हणतात.

त्या अभ्यासातील एक निरीक्षण मोठे मनोरंजक आहे. पुष्कळ कालवांच्या पोटात वाटाण्याएवढा एक खेकडा मुक्काम ठोकून असतो. असा बिऱ्हाडकरू ज्यांच्यात सापडतो त्या कालवांत नरांचे प्रमाण जास्त असते, असे आवटी व राय यांस आढळले. कालवाचे लिंग आयुष्यभर एकच राहत नाही. अन्न आणि परिस्थिती यांप्रमाणे ते बदलू शकते. घरात आयता वाटेकरी बसला की अंडी तयार करण्याइतके पोषण उरत नसावे, असा यावर एक तर्क आहे. शेती करणाऱ्यास यातून एवढे कळते की कालवाची प्रकृती पाहावयाची तर कवच उघडलेच पाहिजे; बाहेरून भरलेले दिसणारे कालव आत रोडावलेले असू शकते.

खडकावरचे कालव आणि खाडीतले कालव एकच नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. खाडीच्या गढूळ, कमी खाऱ्या पाण्यात वाढणारे मोठे, लांबट कालव म्हणजे क्रॅसोस्ट्रिया ग्रिफॉइडीस. माहीमची खाडी, केळवे, रत्नागिरी, जैतापूर या भागांत त्याची नोंद झालेली आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. उघडलेल्या शिंपल्याच्या आतल्या कडेवरून नख फिरवावे. बारीक दाते लागले तर ते खडकाचे कालव. कड गुळगुळीत लागली तर खाडीचे. प्रयोग करणाऱ्याने प्रथम ही ओळख पटवून घ्यावी. एका जातीचे बीज गोळा करून दुसरीच्या वाढीची अपेक्षा धरणे म्हणजे वरी पेरून भाताची वाट पाहण्यासारखे आहे.

बीज मिळते काय?

कोणत्याही रानटी शिंपल्याची शेतीसाठी परीक्षा घेताना पहिला प्रश्न बीजाचा असतो. कालवाची मादी लक्षावधी अंडी पाण्यात सोडते. अंड्यातून निघालेले सूक्ष्म डिंभक दोन-तीन आठवडे पाण्याबरोबर तरंगतात आणि मग एखाद्या कठीण, स्वच्छ पृष्ठभागास कायमचे चिकटतात. चिकटण्यास जागा न मिळालेले मरून जातात. म्हणून योग्य आठवड्यात योग्य जागी कठीण वस्तू मांडून ठेवली की बीज आपोआप हाती येते. हॅचरी नसलेल्या गावासही हे साध्य आहे.

योग्य आठवडा कोणता, हाच खरा अवघड भाग आहे. मुंबईच्या उत्तरेस केळवे येथील खाडीत व्ही. एस. दुर्वे यांनी १९६० च्या सुमारास खाडीच्या कालवाचा अभ्यास केला. या कामाचा काही भाग त्यांनी डॉ. डी. व्ही. बाळ यांच्यासमवेत प्रसिद्ध केला आहे. पावसाळ्यात खाडीच्या पाण्याचा खारेपणा उतरतो त्या सुमारास हे कालव अंडी सोडते, असे या निरीक्षणांतून दिसून आले. म्हणजे ज्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि समुद्र खवळलेला असतो, त्याच दिवसांत कालवाचे बीज तयार होते. मांडणी आधीच करून ठेवावी तर तिच्यावर शेवाळ, चिखल आणि दुसऱ्या चिकट प्राण्यांचा थर बसतो व कालवाच्या बीजास जागा उरत नाही. उशीर करावा तर हंगाम निघून जातो.

बीज कशावर बसवावे याविषयी मात्र शंका उरलेली नाही. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात तुतुकुडी येथे दुसऱ्या एका जातीच्या खाडीतील कालवावर दीर्घ प्रयोग केले. तेथे चुन्याचा थर दिलेली कौले वापरली गेली. चुन्याचा थर खरवडला की बीज इजा न होता सुटे होते. पुढे केरळात रिकाम्या शिंपल्यांच्या माळाच पाण्यात टांगण्याची पद्धत रूढ झाली. बीज माळेवरच बसते आणि माळेवरच वाढते, सोडविण्याचे श्रम वाचतात. आपल्याकडील पद्धतीस ही माळच अधिक मानवेल, असे आम्हांस वाटते, कारण येथे कालव कवचासह फारसे विकले जात नाही. मांस काढूनच विकले जाते. शिंपला वाकडातिकडा वाढला म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडत नाही.

कालव काढणाऱ्या स्त्रियांच्या रीतीत या बाबतीत एक शहाणपण आहे. त्या वरची झडप उडवून मांस घेतात आणि खालचा शिंपला खडकावरच राहू देतात. पुढील हंगामाचे बीज त्या जुन्या शिंपल्यावर आवडीने बसते. याउलट जेथे चुन्यासाठी शिंपले खरवडून नेले गेले, तेथे कालवांचे थरच्या थर नाहीसे झाले. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स प्रांतात ही नासाडी इतकी झाली की जिवंत कालवे चुन्यासाठी जाळण्यास १८६८ साली कायद्याने बंदी करावी लागली.

वाढ आणि पावसाळा

त्याच न्यू साऊथ वेल्समध्ये सुमारे १८७० पासून खडकावरील कालवाची शेती होत आली आहे. सिडनीचे कालव आपल्या मुंबईच्या कालवाचे जवळचे आप्त आहे, म्हणून त्याचा दाखला येथे उपयोगी पडतो. ही जात माणसाच्या मांडणीवर बसते, वाढते आणि पिढ्यान्‌पिढ्या पीक देते, हे तेथे सिद्ध झालेले आहे. परंतु ते पीक विक्रीस तयार होण्यास साधारण तीन वर्षे लागतात. केरळात माळेवर वाढविलेले खाडीचे कालव मात्र आठ-दहा महिन्यांत काढणीस येते. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या गटास हा फरक फार मोठा आहे. खडकाच्या कालवाचा आग्रह धरण्यापूर्वी आपल्या खाडीत ग्रिफॉइडीस आहे काय, हे पाहावे.

खडकाचे कालव सावकाश वाढण्याचे एक कारण त्याच्या जागेत आहे. मुंबईस मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांहूनही अधिक भरते. मधल्या पट्ट्यावरील कालव रोज कित्येक तास पाण्याबाहेर राहते. तेवढा वेळ त्याचे तोंड मिटलेले आणि पोट उपाशी. माळ खाली टांगली की त्यास अधिक वेळ अन्न मिळते. परंतु खाली शत्रूही अधिक असतात. कवचास भोक पाडून मांस शोषणाऱ्या गोगलगायी, खेकडे आणि शिंपल्यावर बसून जागा अडविणारे इतर प्राणी उन्हात टिकत नाहीत, पाण्यात मात्र फोफावतात. कोणत्या उंचीवर वाढ आणि मर यांचा मेळ बसतो, हे प्रत्येक खाडीत स्वतंत्रपणे पाहावे लागते.

यानंतर कोकणच्या पावसाळ्याची कसोटी येते. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीच्या आतल्या भागात ओहोटीच्या अखेरीस पाणी जवळजवळ गोडे होते. कालव झडपा मिटून काही दिवस तग धरते, पण गोडे पाणी फार काळ टिकले तर ते मरते. काकई, जिला मालवणकडे शिनाणे म्हणतात, तिला तर ही कसोटी मुळीच सोसत नाही. केरळात तिची शेती पावसाळ्यापूर्वीच काढून घेतात. १९९६-९७ पासून कासरगोड जिल्ह्यातील पडन्ना भागात महिला गटांनी हा एका हंगामाचा धंदा चांगला बसविला. आपल्या राज्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१२ नंतरच्या काही वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने कांदळवन कक्षामार्फत महिला गटांना काकई आणि कालव यांच्या शेतीचे शिक्षण देण्यात आले. २०१७ पासून राज्य शासनाची कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनाही अशा गटांना साहाय्य करीत आली आहे.

खाण्यास योग्य राहील काय?

येथवर वाचणाऱ्यास वाटेल की मुंबईचे कालव परीक्षेत उत्तीर्ण झाले. बीज मिळते, मांडणीवर बसते, हळू का होईना वाढते, बाजार तर पायाशीच आहे. दादरच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर पीक काढता येईल, याहून अधिक काय हवे? तरीही गिरगाव ते माहीम या किनाऱ्यावर विक्रीसाठी कालवाची शेती करू नये, असेच आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण प्राण्यात नाही, पाण्यात आहे.

कालव आपले अन्न पाणी गाळून मिळविते. एक पूर्ण वाढलेले कालव तासास कित्येक लिटर पाणी कल्ल्यांतून गाळते. पाण्यात सूक्ष्म वनस्पती असतील तर त्या, आणि विष्ठेतील रोगजंतू असतील तर तेही, त्याच्या अंगात साठतात. जस्त, तांबे यांसारखे धातू तर कालव पाण्यातील प्रमाणाच्या कित्येक पटींनी साठवून ठेवते. मिठी नदी शहराचे सांडपाणी घेऊन माहीमच्या खाडीत उतरते. वरळी आणि वांद्रे येथून सांडपाण्याच्या वाहिन्या सुमारे तीन किलोमीटर आत समुद्रात नेलेल्या आहेत. पावसाळ्यात शहरातील नाले मात्र थेट किनाऱ्यावर येऊन ओततात. मासा अशा पाण्यातून पोहून दूर जाऊ शकतो. खडकास चिकटलेल्या कालवास ती सोय नाही.

“आम्ही चांगले शिजवून खातो, आम्हांस काही होत नाही,” असे उत्तर यावर मिळते. ते अर्धे खरे आहे. शिजविल्याने बहुतेक जंतू मरतात, परंतु धातू जात नाहीत. समुद्रातील काही सूक्ष्म वनस्पतींचे विष शिंपल्यांत साठते, तेही शिजवून नाहीसे होत नाही. १९८३ साली मंगळूरच्या परिसरात शिंपल्या खाल्ल्याने अशी विषबाधा झाली होती. शिवाय माळेवरचे मोठे, देखणे कालव उद्या एखाद्या उपाहारगृहात कच्चे वाढले जाणार नाही, याची हमी पिकविणारा देऊ शकत नाही.

शुद्धीकरणाच्या टाकीचा उपाय सुचविला जातो. जंतुरहित केलेल्या वाहत्या समुद्रपाण्यात कालवे एक-दोन दिवस ठेवली की त्यांच्या अंगातील बरेच जिवाणू बाहेर पडतात. विषाणू तितक्या सहज निघत नाहीत. न्यू साऊथ वेल्समधील वॉलिस लेक येथे १९९७ साली याचा कटू अनुभव आला. मोठ्या पावसानंतर सांडपाणी सरोवरात उतरले. तेथील कालवे खाऊन चारशेहून अधिक लोकांस काविळीची लागण झाली आणि एकाचा मृत्यू झाला. ती कालवे शुद्धीकरणाच्या टाकीतून गेलेली होती. मोठा पाऊस, तुंबलेले नाले आणि खालच्या अंगास शिंपल्यांचे मळे, हे चित्र मुंबईकरास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणूनच युरोपीय देशांत कालवापूर्वी पाण्याची प्रतवारी करतात. शंभर ग्रॅम मांसात इ. कोलाय या विष्ठेतील जिवाणूंची संख्या सर्वसाधारणपणे २३० च्या आत राहिली तर माल थेट विक्रीस जाऊ शकतो. ४,६०० पर्यंत तो शुद्धीकरणाच्या टाकीतून न्यावा लागतो. त्याहून अधिक, ४६,००० पर्यंत असल्यास कालवे निदान दोन महिने स्वच्छ पाण्यात नेऊन ठेवावी लागतात किंवा ठरविलेल्या रीतीने तापवून त्यांवर प्रक्रिया करावी लागते. त्यापुढे तोडणीसच मनाई. आपल्या खाडीचा प्रयोग करताना हेच आकडे समोर ठेवण्यास हरकत नाही.

या सल्ल्याने वरळी-माहीमच्या स्त्रियांचा प्रश्न सुटत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. शहराने पाणी घाण केले आणि त्याचा दंड कालवे विकून घर चालविणारीने भरावयाचा, हा न्याय नव्हे. २०२४ मध्ये वाहतुकीस खुल्या होऊ लागलेल्या किनारी रस्त्याच्या भरावाखाली त्यांचे काही खडकही गेले. परंतु दूषित पाण्यातील मांडवास कर्ज मिळवून दिल्याने त्यांचे भले होणार नाही. पहिल्याच विषबाधेच्या बातमीबरोबर मुंबईतील सगळ्या शिंपल्यांचा बाजार बसेल आणि त्यात सिंधुदुर्गातील महिला गटांचा मालही सापडेल.

गावपातळीवरील एका वर्षाची परीक्षा

ज्या खाडीत मोठे गाव, कारखाना किंवा जहाजांचा धक्का वरच्या अंगास नाही, तेथे प्रयोग अवश्य करावा, पण पहिल्या वर्षी मांडवावर पैसा घालू नये. चार बांबू, जुनी दोरी आणि पाटीभर रिकामे शिंपले एवढे साहित्य पुरे. शिंपल्यांना मध्ये भोक पाडून, दोरीत गाठी मारून त्यांच्या माळा कराव्यात आणि त्या ओहोटीच्या पाण्यापासून तीन वेगवेगळ्या उंचीवर टांगाव्यात. जागा निवडताना कांदळवनाची फांदीही तोडू नये. तेथे कांदळवन कक्षाची आणि मत्स्यव्यवसाय खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. होड्यांची वाट आणि डोल लावण्याची जागा सोडून द्यावी. एकदा भांडण लागले की प्रयोग तेथेच संपतो.

पहिल्या माळा मेअखेरच्या उधाणास सोडाव्यात आणि त्यापुढे दर उधाणास एक नवी माळ, तारीख लिहिलेली पत्र्याची चकती बांधून, सोडत जावे. कोणत्या चकतीच्या माळेवर बीज दाट बसले यावरून आपल्या खाडीचा हंगाम कळतो. पुस्तकातला हंगाम केळव्याचा असेल, तुमचा असेलच असे नाही. बीज दिसू लागल्यावर त्यांतील पन्नास कालवांवर खूण करून दरमहा त्यांची लांबी मोजावी व उघडी पडलेली मेलेली कवचे वेगळी मोजावीत. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा, ओहोटीच्या अगदी अखेरीस, पाण्याचा खारेपणा पाहावा. भरतीच्या वेळी घेतलेले माप येथे फसवे ठरते.

मांसाचे वजनही करावे. कवचासह दहा किलो कालवे तोलावीत, मग मांस काढून, निथळून पुन्हा तोलावे. तुतुकुडीच्या कालवात मांस एकूण वजनाच्या सुमारे आठ ते दहा टक्के भरते. अंडी सोडून झाल्यावर हेच प्रमाण खाली येते, तेव्हा काढणी त्यापूर्वी व्हावी. दहा किलो ओझ्यातून किलोभरही मांस निघत नसेल, तर होडीचे भाडे, कवच फोडण्याची मजुरी आणि दादरपर्यंतचा बर्फ यांचा हिशेब आधी मांडून मगच गटापुढे ठेवावा.

मांसाचा नमुना दरमहा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन-चार दिवसांत एक जादा, असा बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे पाठवावा. कालवे जिवंत, बर्फाशी थेट संपर्क न येता पोचली पाहिजेत. नमुना काढल्याची वेळ, भरती होती की ओहोटी, आणि मागील आठवड्याचा पाऊस यांची नोंद चिठ्ठीवर असावी; ती नसेल तर आलेल्या आकड्याचा अर्थ प्रयोगशाळेस लावता येत नाही. बारा महिन्यांचे आकडे आणि पावसानंतरचा जादा आकडा वहीत उतरला, की ती वही घेऊन तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याकडे जावे. बँकेकडे त्यानंतर.